बॅटरीवरचा कंट्रोलर

४ फेब्रुवारी

धाकटे,

"पोचले" एवढा एका शब्दाचा निरोप टाकून मोकळी झालीस! खोली कशी आहे, शेजार कसा आहे, वेळेवर जेवतेस की नाही, कशाचा पत्ता नाही. आईंनी विचारलं, "ती काय म्हणते?" मी म्हटलं, "ती म्हणते, पोचले." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाकीचं पत्र मीच गिळून बसलेय. तेव्हा आता नीट, ऐसपैस लिही. फोन नको. फोनवर तुझा दादा शेजारी उभा राहून "तिला हे सांग, तिला ते विचार" करत राहतो आणि आपलं बोलणं राहूनच जातं.

माझं म्हणशील तर 'किल्ली' अडून बसली आहे. तू गेलीस तेव्हा होती तिथेच. आणि हो, नव्या ऑफिसात कोणी विचारलं की तुझी वहिनी काय करते, तर दादासारखं "कॉम्प्युटरवर काहीतरी करत असते" असं सांगू नकोस. नीट सांग. म्हणावं, लिफ्टच्या वरच्या खोलीत एक कंट्रोलर असतो. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, हे त्याच्यात भरलेलं असतं. ते ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं ती फाइल फक्त कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि कंपनीनं ते सॉफ्टवेअर द्यायचंच बंद केलं. म्हणतात, जुना कंट्रोलर काढून टाका, नवा घ्या. चांगला धडधाकट कंट्रोलर! म्हणून माझ्या वहिनीनं ती फाइल उघडणारं साधन लिहिलं, तीच 'किल्ली'. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसमोर उघडा, कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. अकरा वर्षं झाली. हे एवढं पाठ करून ठेव.

आता गंमत ऐक. कंपनीचं पत्र आलं. फाइलची सगळी रचना त्यांनी एका कागदात लिहून ठेवली आहे, स्पेसिफिकेशन म्हणतात त्याला. तो देतो म्हणाले, फक्त गोपनीयतेच्या करारावर सही करा. तुझा दादा खूश. "मग कर ना सही, एवढी डोकेफोड कशाला?" अरे बाबा, सही केली की त्यातलं अक्षर मी बाहेर बोलू शकत नाही, आणि 'किल्ली'चा कोड तर चव्हाट्यावर मांडलेला! म्हणजे सही केली त्या दिवशी मी माझ्याच कामातून बाद. आमचा पहिला नियम तोच आहे. ज्यानं कंपनीचा कागद पाहिला त्यानं 'किल्ली'ला हात लावायचा नाही. रचना आम्ही शोधतो ती अशी, एक सेटिंग बदलायचं, फाइल सेव्ह करायची, आधीची आणि नंतरची शेजारी ठेवायची, कुठला आकडा हलला ते बघायचं. आमच्या लिफ्ट दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडे कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर एका खटारा लॅपटॉपवर अजून श्वास घेतंय, ते मला अशा फाइली करून पाठवतात. आणि दुसरा नियम, प्रत्यक्ष फाइलमध्ये दिसल्याशिवाय कोडमध्ये काही घालायचं नाही. मी पत्राला उत्तर दिलं, आभारी आहे, नको.

पण अडलंय ते अडलंयच. फाइल उघडते, बदलतेही, पण बदललेली फाइल कंट्रोलर परत घेत नाही. "फाइल खराब" म्हणून थुंकून टाकतो. शेवटी चार आकडे आहेत, ती बाकी सगळ्याची कसलीतरी बेरीज आहे, पण काही केल्या जुळत नाही. अगं, स्वप्नातसुद्धा बेरजा करते मी.

आता तुझं सांग.

वहिनी

---

१६ फेब्रुवारी

वहिनी,

जेवते. वेळेवर जेवते. आईला सांग, पत्रात कोपऱ्यात तेलाचा डाग दिसला तर तो पुरावा समजावा.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. सोबत एक नर्स आहे, तिची ड्युटी बदलत असते, त्यामुळे आम्ही एकमेकींना बहुतेक झोपलेल्याच बघतो. ती झोपेत पेशंटला ओरडते. पहिल्या दिवशी "हात वर करा!" ऐकून मी खरंच हात वर केला.

ऑफिस बरं आहे. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहून देतो आम्ही. इंजिनियर जे लिहितात ते दुसऱ्या इंजिनियरलाही कळत नाही, म्हणून कंपन्या आमच्याकडे येतात आणि आम्ही ते माणसांच्या भाषेत आणतो. माझ्या गळ्यात सध्या एक वॉशिंग मशीन आहे. "झाकण उघडण्यापूर्वी यंत्र थांबले आहे याची खात्री करा." हे वाक्य मी चार प्रकारे लिहिलं, साहेबांना चारही आवडली नाहीत.

'किल्ली'चं वाचून वाईट वाटलं गं. तुझा तो चेहरा डोळ्यांपुढे आला, चष्मा कपाळावर चढवून तूच चष्मा शोधत असतेस तो. काल कपडे पिळताना सहज एक मनात आलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा हसू नकोस. तू बेरीज करतेस ती अगदी पहिल्या आकड्यापासून करतेस ना? पहिली ओळ सोडून दिली तर? म्हणजे ते नुसतं फाइलचं नाव-गाव असेल, मोजण्यातलं नसेलच. आणि तारीख आहे ती उलटी धरून बघ, वर्ष आधी. नाही जुळलं तर नणंदेचं डोकं म्हणून सोडून दे.

दादाला म्हणावं माझ्या खोलीतला पंखा त्यानं वापरायला काढलाय हे मला आईकडून कळलं आहे.

धाकटी

---

१८ फेब्रुवारी

अगं बये!

जुळलं! पहिली ओळ सोडली, तारीख उलटी धरली आणि ते चार आकडे समोर असे उभे राहिले की मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेले, तिथून परत आले, पुन्हा करून पाहिलं, पुन्हा जुळलं. मिस्त्रींना फाइल पाठवली. त्यांचा फोन आला तेव्हा मागे लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज येत होता. "ताई, घेतली हो! घेतली!" एवढंच म्हणत होते. त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक आजोबा आहेत, डिसेंबरपासून खाली उतरले नव्हते. ते उतरले, गेटपर्यंत गेले आणि मिस्त्रींशी भांडून परत वर गेले, दार फार लवकर मिटतं म्हणून. ते सेटिंगही बदलून दिलं.

तुझ्या दादाला सांगितलं. म्हणाला, "छान," आणि विचारलं की गॅस बंद केलास का. जाऊ दे. त्याला सांगण्यात काय मजा! मजा तुला सांगण्यात. या घरात 'किल्ली' म्हणजे काय हे विचारून विचारून समजून घेतलंस ते तूच. आठवतं ना, आधीच्या-नंतरच्या फाइली शेजारी ठेवून कुठला आकडा हलला ते ओळखायची पैज लावायचो आपण? आणि हरलीस की रुसून बसायचीस.

आमच्याकडे प्रत्येक शोध कसा लागला त्याची नोंद ठेवायची असते, सगळ्यांना दिसेल अशी. मी लिहिलं आहे, "हा तर्क माझ्या नणंदेचा." आपलं एक कासव आहे ना, म्हणजे स्वतःला 'कासव' म्हणवणारा तो परदेशातला, आम्ही कधी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यानं लगेच खाली विचारलं, "अशी नणंद कुठे मिळते?" मी कळवलं, शोधून मिळत नाही, नवऱ्यासोबत मोफत येते.

जगात नणंदेला असं जाहीर श्रेय देणारी मी पहिलीच वहिनी असेन. जपून ठेव.

तुझी (आज फारच तुझी)
वहिनी

---

२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू कशी आहेस? तुझी तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. बरेच दिवस लिहायला जमलं नाही याबद्दल क्षमस्व. कामाचा ताण होता.

'किल्ली'बद्दल आणखी एक विचार मनात आला. फाइलच्या दुसऱ्या भागात कंट्रोलरचा प्रकार दाखवणारा एक आकडा असतो असं तू मागे सांगितलं होतंस. तिथे नऊ हा आकडा आला तर तो बॅटरीवर चालणारा कंट्रोलर असणार. तेव्हा बॅटरीची माहिती पुढच्या दोन जागांमध्ये असेल. हे तू लवकरात लवकर 'किल्ली'मध्ये समाविष्ट करावंस असं मला वाटतं. राहून जायला नको.

इकडे सर्व ठीक आहे. आईला आणि दादाला नमस्कार.

मला पत्र लिहीत जा वहिनी. रागावलीस तरी लिही.

धाकटी

---

७ एप्रिल

धाकटे,

कोण आहे तो?

नाही, खरं सांग. "तब्येत ठीक असेल अशी आशा आहे!" "याबद्दल क्षमस्व!" वॉशिंग मशीनचं पुस्तक लिहिता लिहिता तूच त्याचं पान झालीस की काय? दीड महिना गायब, मग हे असं इस्त्री केलेलं पत्र, आणि शेवटी म्हणे रागावलीस तरी लिही. मी कशाला रागावू? मी पण या वयातून गेलेय, बाई. तुझ्या दादाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मीसुद्धा "आपली कृपाभिलाषी" अशी सही केली होती, तो अजून चिडवतो. कोण आहे, काय करतो, आईंना मी सांभाळून घेईन. नर्सचा भाऊबिऊ नाही ना?

तुझा नऊ मी घातला. काल 'किल्ली'ची नवी आवृत्ती बाहेर पडली त्यात आहे. कासवानं हरकत घेतली, त्याचं रास्तच होतं. म्हणाला, नऊ असलेली एक तरी फाइल दाखव, आपला नियम काय आहे? मी मिस्त्रींना विचारलं, त्यांच्याकडे तशी फाइल नव्हती. पण मी रेटलं. म्हटलं, नणंदेनं मागे सांगितलं ते वर्षभर डोकं आपटून मला सापडलं नव्हतं. हेही खरं निघेल, फाइल काय, मिळेल सावकाश. तो म्हणाला, "तुझं घर, तुझी नणंद." नोंद पूर्वीसारखीच केली आहे, तुझ्या नावावर.

पण खरंच, बरी आहेस ना? जेवणाखाणाचं विचारत नाही, ते तू खोटंच सांगतेस. मनानं बरी आहेस ना?

वहिनी

---

२२ मे

धाकटे,

तुझं उत्तर नाही आलं. हे त्या पत्राच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, आणि याचं उत्तर मला ताबडतोब हवं आहे.

कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं आहे. 'किल्ली' बंद करा म्हणतात. मी त्यांचं गुपित स्पेसिफिकेशन चोरून मिळवलं आणि त्यावरून कोड लिहिला म्हणतात. मी आधी हसले. मग पुढे वाचलं. त्यांनी बॅटरीवर चालणारा कंट्रोलर कधी बनवलेलाच नाही. कधीच नाही! नऊ हा आकडा जगातल्या एकाही फाइलमध्ये नाही. तो फक्त त्यांच्या कागदात आहे आणि तिथेही मुद्दाम घातलेला आहे, अशासाठी की ज्यानं कागद पाहिला त्याच्या कोडमध्ये तो नऊ सापडावा. आणि तो 'किल्ली'त सापडला. खाली पुरावा म्हणून माझीच ओळ छापली आहे, "हा तर्क माझ्या नणंदेचा."

मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं आहे की माझी नणंद वॉशिंग मशीनचं पुस्तक लिहिते, तिचा लिफ्टशी काय संबंध. आमच्यातले दोघे-तिघे विचारतात, मग नऊच कसा? आठ का नाही?

मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. तू हे कुठे ऐकलंस? नर्सकडे कोणी आलं होतं, बसमध्ये कोणी बोलत होतं, काहीही असो. की खरंच तुझ्या डोक्यातून आलं? तू सांगशील ते मी मान्य करीन, पण खरं सांग. तुला माहीत आहे मी का विचारतेय. तो कागद आमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांखालून गेला असेल, तर त्याच्यावरून लिहिलेलं सगळं काढून टाकावं लागेल. आणि ते लिहिलंय मी. म्हणजे 'किल्ली'तून मलाच निघावं लागेल. कायमचं.

लगेच लिही.

वहिनी

---

३१ मे

दादाच्या फोनवर तू काल बोललीस. "बरी आहे, काम फार आहे," म्हणालीस. तुझा हसण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी फोन हातात घेईपर्यंत तू ठेवून दिलास. माझे फोन तू उचलत नाहीस.

तर माझं उत्तर मला मिळालं असं समजू का?

वहिनी

---

१० जून

वहिनी,

समज.

वॉशिंग मशीन खोटं होतं. म्हणजे ते होतं, पण शेजारच्या टेबलावर. माझ्याकडे पहिल्या आठवड्यापासून तीच कंपनी आहे, तेच कंट्रोलर. त्यांचं ते स्पेसिफिकेशन नव्यानं नीट लिहून द्यायचं काम आमच्या ऑफिसनं घेतलंय. नाव वाचलं तेव्हाच मी ओळखलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू माझ्याशी 'किल्ली'बद्दल एक शब्द बोलली नसतीस, तुझा नियम मला माहीत होता. म्हणून नाही सांगितलं. आणि गोपनीयतेवर मी सहीही केली होती.

मग तुझं ते पत्र आलं, स्वप्नात बेरजा करते म्हणून. दुसऱ्या दिवशी मी पान उलटलं आणि ती बेरीज समोर. एका ओळीत! वहिनी, तू वर्षभर जे शोधत होतीस ते एका ओळीत लिहिलेलं होतं आणि मी त्या ओळीत स्वल्पविराम द्यायचा की नाही हे ठरवत बसले होते. मला राहवलं नाही. कपडे पिळताना सुचलं वगैरे मी रचलं. तू नाचशील एवढंच डोळ्यांसमोर होतं.

तू माझं नाव लिहिशील हे डोक्यातच आलं नाही. कंपनीची माणसं 'किल्ली' रोज उघडून बघतात. ती बेरीज त्यांना दिसली, खाली 'नणंद' दिसली. तुझं आडनाव आणि माझं आडनाव एकच. मार्चमध्ये साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, आत कंपनीचा वकील बसला होता. त्यानं सांगितलं, करार मोडल्याबद्दल तुमच्यावर खटला होईल, नोकरी तर जाईलच, पुढे या कामात कोणी उभं करणार नाही. किंवा मग हे एक वाक्य वहिनींना पाठवा. बेरजेवरून काही सिद्ध होत नव्हतं ना, तू ती स्वतः शोधली असशील असं कोणीही म्हणालं असतं. त्यांना असं काहीतरी हवं होतं जे कोणालाच सापडणं शक्य नाही.

पत्र त्यांनी लिहून दिलं. "राहून जायला नको" हे त्यांचं. "रागावलीस तरी लिही" हे माझं, ते मी टाकताना हळूच घातलं.

तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मला वाटलं तू घालणार नाहीस. शपथेवर सांगते. फाइल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तू स्वतःचंसुद्धा ऐकत नाहीस. मला वाटलं तू विचारशील, नऊ असलेली फाइल कुठे आहे, फाइल मिळणार नाही, आणि ते तिथेच राहील. मी पाठवलं म्हणून मीही सुटेन आणि तूही. मी तुझ्या त्या नियमाच्या भरवशावर पाठवलं.

मग तुझं पत्र आलं, कोण आहे तो म्हणून. मला ते पुरतं वाचवेना.

नोकरी आहे. त्यांनी शब्द पाळला. रोज जाते, त्यांचं तेच लिहिते.

दादाला सांगू नकोस. आईला तर नाहीच नाही. मला घरी यायचं आहे. येऊ का?

धाकटी

---

३ जुलै

धाकटे,

तुझं पत्र मी तीनदा फाडायला घेतलं. वरून तू कसं सांगितलंस, तर "समज." वा!

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. मी हे म्हणणार नव्हते, पण दुसरा शब्द सापडत नाही. पहिल्या वेळचं मी समजू शकते. वेडेपणा होता, माझ्या मायेपोटी केलेला, त्यासाठी मी तुझा कान पिळला असता, आठवडाभर अबोला धरला असता, आणि ती बेरीज काढून टाकली असती. मला 'किल्ली'तून घालवायला तेवढंही पुरलं असतं, तुला ते ठाऊक होतं, तरी मी गिळलं असतं. पण दुसऱ्या वेळेस समोर वकील बसलेला असताना, काय होणार हे पक्कं माहीत असताना, माझं नाव पाकिटावर घालून तू ते पाठवलंस. आणि मग दोन महिने गप्प. मी इकडे मूर्खासारखी तुझ्या वतीनं भांडतेय! "माझी नणंद वॉशिंग मशीनचं पुस्तक लिहिते!" अजून ते वाक्य तिथे आहे, सगळ्यांना दिसेल असं, आणि ते वाचताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

तू माझ्या नियमाच्या भरवशावर पाठवलंस म्हणतेस. अगं, मी तुझ्या भरवशावर तो नियम मोडला. अकरा वर्षांत एकदा. कासव ओरडून सांगत होता. मिस्त्रींनी सांगितलं होतं की फाइल नाही. मी म्हटलं, माझी नणंद म्हणतेय ना, बास. ते तुला सुटायला सोयीचं होतं म्हणून तू माझं डोकं गृहीत धरलंस. माझं मन नाही धरलंस.

पुढचं ऐक, म्हणजे तुझा वकील तुला काय ते खरं-खोटं सांगायला नको. त्यांनी सांगायच्या आधी मीच केलं. फेब्रुवारीपासूनचं सगळं 'किल्ली'तून काढलं, बेरीज आणि नऊ दोन्ही. "हा तर्क माझ्या नणंदेचा" याच्याखाली एक ओळ लिहिली, "हा तर्क नव्हता." आणखी काही लिहिलं नाही, तुझ्याबद्दल मी कोणाला एक अक्षर सांगितलेलं नाही. मग माझं नाव काढलं. 'किल्ली' आता कासवाकडे आहे, कारण त्यानं काही पाहिलेलं नाही. मी त्याला काही सांगायचं नाही, त्यानं मला काही विचारायचं नाही. वकिलांना तसं लेखी दिलं तेव्हा ते थांबले.

जिथे मी अडले होते तिथूनच तो आता सुरुवात करतोय. गेल्या आठवड्यात त्यानं सगळ्यांना उद्देशून लिहिलं, "शेवटचे चार आकडे जुळत नाहीत, कोणाला काही सुचतंय का?" मला माहीत आहे, धाकटे! पहिली ओळ सोड, तारीख उलटी धर. दोन वाक्यं. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसले होते आणि मग कॉम्प्युटर बंद केला. मिस्त्रींचा फोन आला. "ताई, लिफ्ट परत फाइल घेत नाही हो, नवी आवृत्ती टाकली तर." मी म्हटलं, आता माझ्याकडे नाही ते. ते म्हणाले, "असं कसं, तुमचीच ना ती?" मी काय उत्तर द्यायचं होतं, सांग मला.

रडले मी. लपूनछपून नाही, भांडी घासताना, चांगली हुंदके देऊन. आई आत आल्या, म्हणाल्या कांदा फार तिखट आहे का आज. कांदा चिरलाही नव्हता.

तुझ्या दादाला सांगितलेलं नाही. तू म्हणालीस म्हणून नाही. त्याला सांगितलं तर तो तुझ्याशी बोलायचा थांबेल आणि आई खचतील, आणि त्यातून माझं काही परत येणार नाही. पण त्यानं विचारलं, हल्ली बसत नाहीस कॉम्प्युटरवर? मी म्हटलं, कंटाळा आला. मला वाटलं, आता तो चमकेल, म्हणेल, कंटाळा? तुला? काय झालं खरं सांग. मी सगळं ओतायला तयार होते, खोटं नाही बोलत. तो म्हणाला, "बरं झालं, डोळ्यांना जरा आराम." आणि पेपर उचलला. त्याला खरंच वाटलं. अकरा वर्षं मी जे केलं ते मला एका दुपारी कंटाळा आला म्हणून सुटलं, यावर माझ्या नवऱ्याचा चटकन विश्वास बसला. चांगला माणूस आहे गं, वाईट हेतू नाही त्याचा. पण या घरात ज्या एका माणसाचा यावर कधीच विश्वास बसला नसता ते माणूस तू होतीस. तुझ्यावरचा राग एक वेळ निघून जाईल, माझा राग टिकत नाही. हे कुठे ठेवू ते मला कळत नाही.

विचारलंस, येऊ का. ये. तुझं घर आहे, तुझी आई आहे, तुला अडवणारी मी कोण! तुझी खोली मी झाडून ठेवीन, पंखा परत लावायला सांगते. जेवायला काय हवं ते आईंना कळव, मला नको.

फक्त एवढं कर. तू आलीस की जेवताना केव्हातरी तुझा दादा तुला सांगणार, "हिनं ते 'किल्ली'चं सोडलं बरं का, कंटाळा आला हिला." हसत हसत सांगेल. तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही. "हो का?" म्हणायचं आणि मान डोलवायची. मी डोलवते तशी.

वहिनी